मागच्या गेरातलं कुंकू

ये गं माय, अशी जवळ ये. तिथं उंबऱ्यात उभी राहून ऐकू नकोस. उंबऱ्यात उभं राहून चहा प्यायची तुला सवयच लागली आहे तीन वर्षांपासून. मागच्या खेपेला सकाळच्या गाडीनं आल्तीस अन् दुपारच्या गाडीनं गेलीस, पिशवीची गाठसुद्धा सोडली न्हाई. असं कुणी माहेरी येतं का? लग्नपत्रिका द्यायला येणारा माणूसही बूड टेकून जातो. अन् फोनवर बोलायला गेले की, "आई, मीटिंग आहे, नंतर बोलू." तुझं ते नंतर काही येत न्हाई. म्हणून हे वहीत लिहून राह्यले. माझी शाळा चौथीपर्यंत. बाकीचं मी ब्लाऊजची मापं लिहिता लिहिता अन् रद्दीतले पेपर वाचता वाचता शिकले, तेव्हा चुका काढत बसू नकोस. माझ्याजवळ बसल्यासारखी वाच, बस.

तू पडवीकडं बघत न्हाईस, ते मला कळतं. पडवीत तुझ्या बाबांची सायकल उभी आहे. गेरची, तू पुण्याहून धाडलेली. तिच्यावर बसून ते त्या सकाळी गेले अन् जीपमधून घरी आले. तुला वाटतं, आपण सायकल धाडलीच नसती तर बाबा गेले नसते. तोंडानं तू कधी बोलली न्हाईस, पण तुझी पाठ बोलते. आता माझं ऐक. मला तीन वर्षं वाटत होतं की ते माझ्या हातानं गेले. तुझ्या न्हाई, माझ्या. हे मी तुलाही सांगितलं न्हाई अन् देवालाही न्हाई.

बाबांना शुगर निघाली तेव्हाचं तुला आठवत असंल. डॉक्टर म्हणले, रोज चाला. चालायला निघाले की गल्लीतली कुत्री मागं लागायची. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, उभ्या उभ्या महाराष्ट्र पाहिलेला, अन् दोन कुत्र्यांना भिऊन परत यायचा. मंग तू सायकल धाडलीस. पुठ्ठ्याच्या खोक्यात आल्ती. स्टँडसमोरच्या सायकलवाल्यानं जोडून दिली, पण आधी दोन दिवस तो नुसता तिच्याभोवती फिरत होता. जाफराबादेत तेव्हा तशी सायकल कुणाकडं दिसायची न्हाई. लोक हसायचे. "काय कंडक्टर साहेब, म्हातारपणी गेर टाकता काय?" हे म्हणायचे, "जिंदगीभर दुसऱ्याच्या गेरावर फिरलो, आता एक आपल्या हातानं टाकून बघतो."

रोज सकाळी भोकरदनच्या रस्त्यानं जायचे अन् आठाच्या आत परत. फाटकापाशी उतरून सायकल ढकलत आत आणायचे, तेव्हा मागचं चाक टिकटिक टिकटिक करायचं. ती टिकटिक ऐकली की मी चहाचं आधण ठेवायची. फाटक ते ओटा, तेवढ्यात पाण्याला बुडबुडे यायचे. इतकं बराबर जमलं होतं आमचं.

आता कुंकवाचं सांगते. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. माझं शिलाई मशीन, कात्री, विळा, बाबांचं तिकिटाला भोक पाडायचं जुनं यंत्र, अन् सायकल. कोरडं कुंकू लोखंडावर टिकत न्हाई, झडून जातं. म्हणून मी गोडेतेलात कालवून घट्ट गंध करायची अन् पाच ठिकाणी बोटं उमटवायची. हँडलला, सीटला, दोन्ही चाकांना अन् मागच्या गेराला. तो गेर तू नीट पाहिला आहेस का? मागच्या चाकाच्या मधोमध, दातेरी चक्रांच्या खाली लोंबतो, दोन बारकी चाकं असलेला. खटका दाबला की तोच साखळीला या चक्रावरून त्या चक्रावर नेतो. सगळ्या सायकलीत तेवढाच भाग मला जिवंत वाटायचा. म्हणून सगळ्यात जास्ती कुंकू मी त्यालाच लावायची, वर अक्षता.

हे हसायचे. "अगं, मशीन आहे ते. नवरी करून राह्यलीस त्याची."

"माझ्या शिलाई मशीनला लावत न्हाई का मी?"

"तू ते दुसऱ्या दिवशी उघडून पुसतीस."

"मंग तुम्ही तुमचं पुसा की. माझ्या हातून किती कामं करून घेता?"

ते वरवर फडकं मारायचे. आत काय साचून राह्यलं ते त्यांनी बघितलं न्हाई, मीही न्हाई. चार दसरे असेच गेले.

शेवटच्या दसऱ्यानंतर तीनेक आठवडे झाले असतील. लग्नसराईचं काम आलं होतं, नवरीच्या ब्लाऊजचं रेशीम माझ्या मांडीवर होतं. बाबा पडवीतून म्हणले, "गेर अडकून राह्यला गं. वर जातो, खाली यायला तयार न्हाई. जरा मागचं चाक उचलून धर, मी बघतो आत काय आहे ते."

मी मान वर केली न्हाई. म्हणले, "हाताला तेल लागलं अन् रेशमावर डाग पडला तर नवरीकडचे मला खातील. सांजच्याला बघू." सांजच्याला ते लवकर झोपले. मीही आठवण दिली न्हाई, अजून एक बाही राह्यली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

भोकरदन रस्त्यावर, गावापासून फार लांब न्हाई, एका कडुलिंबाला टेकून बसलेले सापडले, सायकल बाजूला स्टँडवर नीट उभी. जीपवाल्यानं ओळखलं. पुढचं तुला माहीत आहे. पण एक गोष्ट आपण दोघींनी एकाच वेळी ऐकली अन् दोघींनी आपापल्या मनात पुरून ठेवली. तिसऱ्या दिवशी तो जीपवाला बसायला आल्ता. पडवीत सायकल बघून म्हणला, "काकू, चेन बघा. सगळ्यात मोठ्या चक्रावर अडकली हाय. लई जड पडलं असंल काकाला. एवढ्या जड गेरावर छाती फुटायचीच." बसलेली सगळी माणसं माना हलवून राह्यली. आपल्याकडं सगळ्यांच्या जन्मात एका चक्राची साधी सायकल. मोठं ते जड, एवढंच सगळ्यांना ठाऊक. तू उठून आत गेलीस. मी त्या मोठ्या चक्राकडं बघत राह्यले अन् त्याच्या खाली लोंबणारा गेर पाहिला. लाल. माझ्या बोटांनी लाल झालेला. मनात म्हणले, यालाच आपल्या कुंकवानं धरून ठेवलं. जड गेरावरून खाली येऊ दिलं न्हाई. अन् आदल्या दिवशी ते म्हणत होते, धर, तर आपण धरलं न्हाई.

माझ्या कपाळाचं तेव्हाच पुसलं. पण पुढच्या खंडेनवमीला काय झालं कोण जाणे, मी वाटीत तेल घेतलं, कुंकू कालवलं अन् सायकलीपाशी जाऊन बसले. न लावलं असतं तर सायकलीला कळलं असतं, मी तिच्यावर संशय घेते म्हणून. येड्यासारखं वाटतं ना? मलाही वाटतं. शेजारून तुझी काकू, माझी जाऊबाई, भिंतीवरून बघत होती. म्हणली, "स्वतःच्या कपाळाची सोय न्हाई अन् लोखंडाला भरून राह्यली! लोक काय म्हणतील?"

"लोखंडाचा धनी जित्ता आहे का मेला ते लोखंडाला कळत न्हाई, बाई. तुम्ही तुमची भाजी बघा, करपून राह्यली."

तीन दसरे मी लावलं. अन् तीन वर्षं, माय, सकाळी आठाच्या सुमाराला फाटकापाशी टिकटिक ऐकू येते. रोज न्हाई. भर उजेडात, झाडलोट चालू असताना, गल्लीतून भाजीवाला ओरडत असताना. आधी वाटायचं, दुसऱ्या कुणाची सायकल. जाऊन बघितलं तर फाटकाला कडी. पडवीत सायकल जागेवर, वर धूळ तशीच. मी चहाचं आधण ठेवायची अन् मंग अर्धं ओतून द्यायची. भीती वाटत न्हाई. पण ती टिकटिक ओट्यापर्यंत येत न्हाई कधी. फाटकापासून निघते अन् मधेच थांबते, कुणी काही विचारायला उभं राहावं तशी.

या दिवाळीला तुझा फोन आला. मी म्हणले, ये चार दिवस. तू म्हणलीस, "आई, ती सायकल भंगारात दे. ती गेली की मी येते." एवढं बोलून फोन ठेवलास. मला राग आला न्हाई. उलट बरं वाटलं, निदान एक अट तरी घातलीस.

भंगारवाल्याला बोलावलं. तो गाडा घेऊन आल्ता, सायकलीला हात लावला. मी सीट धरून उभी. तो म्हणला, "माय, सोडा की." मला सोडता येईना. म्हणले, "दादा, आठ दिवसांनी ये. तिचं थोडं काम राह्यलं आहे." तो हसत गेला, भंगारात टाकायच्या सायकलीचं कसलं काम! पण मला एकदा आत बघायचं होतं. माझ्या कुंकवानं आत काय केलं ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती गाड्यावर चढली असती, तर मी मरेपर्यंत त्या फाटकाकडं बघत बसले असते.

स्टँडसमोरच्या सायकलवाल्याकडं गेले. तो म्हणला, "काकू, हा गेर कुणी उघडत न्हाई. आत स्प्रिंगा असतात, एकदा सुटल्या की बसत न्हाईत. जालन्याहून नवा आणून बसवतो." मी म्हणले, "नवा नको. उघडायचा कशानं तेवढं सांग." त्यानं कोपऱ्यात वळवलेला सहा कडांचा पाना दिला अन् म्हणला, "परत मात्र माझ्याकडं आणू नका."

तुला माहीत आहे, शिलाई मशीन मी कुणाच्या हातात देत न्हाई. उघडायचं झालं की पांढरं फडकं अंथरते, निघालेला एकेक भाग ओळीनं ठेवते अन् खडूनं त्याच्याभोवती रेघ मारते. जोडताना उलटीकडून यायचं, बस. तीच रीत लावली. सायकल उलटी केली, सीट अन् हँडलवर उभी. आधी साखळी ज्या चक्रावर होती त्या मोठ्या चक्राच्या दाताला खडूची खूण केली, म्हणजे परत तिथंच बसवता यावी. मंग गेरातलं खालचं बारकं चाक काढलं, साखळी मोकळी झाली. वायरीचा नट सोडला, मोठा बोल्ट सोडला, गेर हातात आला. मुठीएवढा. जड वाटला.

एक बारीक स्क्रू होता, बाजूला. मला वाटलं, हा कशाला, काढून बघावा. तो निघाला अन् गेराचा खालचा सांगाडा गर्रकन फिरून माझ्या मनगटावर बसला. आतली स्प्रिंग वळ खाऊन बसली होती, तो स्क्रू तिला अडवून होता. काळानिळा डाग अजून आहे. मधला बोल्ट काढला तशी स्प्रिंग घरंगळून फडक्यावर आली. तिच्यामागं आतून काय निघालं असंल?

कुंकू. वाळून पापडी झालेलं, तेलानं चिकट, धुळीनं काळवंडलेलं, पण खरवडलं की आत लाल. गेराच्या सांध्यासांध्यांत भरलेलं. एक तांदूळ होता, स्प्रिंगच्या वेढ्यात बराबर अडकलेला. झेंडूची एक पाकळी, कागदासारखी झालेली. कोणत्या दसऱ्याचा तो तांदूळ? ते असतानाचा का ते गेल्यावरचा? मी तो तळहातावर घेऊन किती वेळ बसले मलाच माहीत न्हाई. कुंकवाला साल लिहिलेलं नसतं.

शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचं वाटीभर डिझेल मागून आणलं, जुन्या दातांच्या ब्रशानं घासलं. डिझेल लाल झालं. हात लाल झाले. शिलाईच्या मशीनचं तेल दिलं तसा गेर परत हलायला लागला, दाबला की पसरायचा अन् सोडला की झटकन मिटायचा.

काढलं एका दुपारी, पण जोडायला तीन दुपारी गेल्या. स्प्रिंगला दोन टोकं. एक वरच्या भोकात, एक खालच्या भोकात. दोन्ही बसवून सांगाडा स्प्रिंगच्या उलट एक वेढा पिळायचा, पिळून तसाच धरायचा अन् तेवढ्यात तो बारीक स्क्रू लावायचा. दोन हात पिळण्यातच जायचे. स्क्रू कोण लावणार? विळीवर बसतो तशी पाटावर पाय देऊन बसले, गेर पायाखाली दाबला. स्प्रिंग सुटली अन् चुलीपर्यंत गेली. परत. परत. दुसऱ्या दुपारी स्क्रूच हरवला, तो माझ्या लुगड्याच्या निऱ्यांत सापडला.

तिसऱ्या दुपारी सांगाडा पिळून झाला होता, दोन्ही हात गुंतलेले, पेचकस समोर पडलेला. अन् माझ्या तोंडून गेलं, "अहो, जरा धरा."

पडवीत कुणी न्हाई. मी काय बोलले ते मलाच ऐकू आलं. त्यांनी मला म्हणलं होतं तेच. तिथंच बसून. अन् उलट्या सायकलीचं मागचं चाक हळूच फिरायला लागलं. वारा असंल. पडवीत वारा येतो. टिक. टिक. टिक. मी बोटं सोडली न्हाईत. म्हणले, "मी धरलं न्हाई हो तुमचं. रेशीम होतं मांडीवर." चाक थांबलं.

"कोणाशी बोलून राह्यली गं?" भिंतीपलीकडून जाऊबाई.

"या इकडं. जल्दी या, सोडता येत न्हाई."

ती आली, पदर खोचलेला, हाताला पीठ. "अगं बाई, काय मांडलं हे? भंगारवाला हसतो गावभर, म्हातारी भंगाराला दवा देऊन राह्यली म्हणून."

"बोलणं मागून. आधी स्क्रू लावा."

"कुठं? या भोकात? मला दिसत न्हाई, चष्मा घरी."

"बोटानं चाचपा. सुईत दोरा घालता न्हाई का तशा?"

"तो मी नातीकडून घालून घेते," म्हणली, पण लावला. पहिल्याच खेपेला. पिठाच्या बोटांनी. मी हात सोडला, सांगाडा स्क्रूवर टेकून थांबला. आम्ही दोघी घामेजून एकमेकींकडं बघून राह्यलो.

गेर जागेवर बसवला, साखळी खुणेच्या मोठ्या चक्रावर घातली, वायर पकडीनं ओढून नट आवळला. जाऊबाईला म्हणले, "मी पायडल फिरवते, तुम्ही मागचं टायर दाबून धरा. बघू किती जड आहे." ती दोन्ही हातांनी टायर धरून बसली. मी पायडल फिरवलं. जोर लागलाच न्हाई, माय. चाक तिच्या हातांतून सरकत गेलं, तिला धरवेना. मंग खटका सोडला. साखळी एकेक चक्र उतरत सगळ्यात बारक्यावर आली. परत फिरवलं. या वेळी तिनं दोन बोटांनी टायर धरलं अन् मला पायडल ढकलेना.

"हे उलटं कसं?" ती म्हणली.

दहा वेळा करून बघितलं. मागच्या चाकाला मोठं चक्र म्हणजे हलकं. बारकं ते जड. अन् वायर गेराला मोठ्या चक्राकडं ओढते, ती सोडली की स्प्रिंग परत बारक्याकडं आणते. कुंकवानं स्प्रिंग जाम झाली असंल तर गेर हलक्यावर अडकला, जडावर न्हाई. जडाकडं जायलाच तो तयार नव्हता. बाबा तेच तर म्हणत होते, वर जातो, खाली येत न्हाई.

जाऊबाई खाली बसली. म्हणली, "म्हणजे भाऊजी सगळ्यात हलक्या गेरावर होते?"

"हो."

"मंग सायकलीनं काय केलं?"

"काही न्हाई."

 तिचे डोळे भरून आले. माझे न्हाई आले. माझ्या मनात दुसरंच येऊन उभं राह्यलं होतं, अन् ते अजून उभं आहे. तुला सांगते, कारण तू त्यांची लेक आहेस. सायकल हलकी होती. लिंबापाशी रस्ता सपाट आहे, मी काल चालत जाऊन बघून आले. चढ बिलकुल न्हाई. म्हणजे हलक्या गेरावर, सपाट रस्त्यावर, माणसाला पायडल मारवेना. त्यांनी सायकल नीट स्टँडवर लावली अन् झाडाला टेकले. घाई केली न्हाई. म्हणजे त्यांना आतून आधीच काहीतरी कळत होतं. कधीपासून? रोज ओट्यावर सायकल एकट्यानं चढवणारा माणूस आदल्या दिवशी मला का म्हणला, चाक उचलून धर? गेर बघायचा होता म्हणून, का हातात ताकद उरली नव्हती म्हणून? याचं उत्तर कोणत्या फडक्यावर मांडून मिळायचं?

टिकटिक थांबलेली न्हाई. परवाही आली. पण आता मी आधण ठेवून फाटकापाशी जाऊन उभी राहते अन् जे आठवतं ते बोलते. म्हणते, तुम्ही सांगितलं न्हाई, मी विचारलं न्हाई, दोघांचं बराबर झालं. उत्तर येत न्हाई. येऊ नये, असंच वाटतं कधी कधी.

भंगारवाला परत आल्ता. त्याला गुळाचा खडा अन् पाणी दिलं अन् परत धाडलं. तेव्हा तुझी अट मी मोडली, हे तुला सरळ सांगते. सायकल गेली न्हाई, जाणारही न्हाई. तुझ्या हातून तुझ्या बाबांना चार वर्षांच्या सकाळी मिळाल्या, दुसरं काही मिळालं न्हाई, एवढं मी माझ्या डोळ्यांनी अन् जाऊबाईच्या बोटांनी तपासून लिहून राह्यले. तुला पटलं न्हाई तर स्वतः येऊन टायर धर, मी पायडल फिरवते.

तुरीच्या शेंगा भरून आल्या आहेत, मिठात उकडून ठेवीन. चार दिवसांचे कपडे आण, एका दिवसाचे नको. जालन्याहून गाडी मिळाली न्हाई तर भोकरदनपर्यंत ये अन् तिथून जीप धर. येताना तो लिंब डाव्या हाताला लागतो, तिकडं बघायचं न्हाई तर बघू नकोस, पण ये. येत्या शनिवारीच ये ना माय, वाट बघून राह्यले.